मर्सेन यांची चुकलेली संख्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी थांबतात. ही संख्या १,४७५ परार्धांहून मोठी आहे. फ्रेंच गणितज्ञ मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये तिची गणना मूळ संख्यांत केली आणि तो समज दोनशेहून अधिक वर्षे टिकला.

तसे वाटायला कारण होते. संख्या विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १०९ असल्याने ३ ने भाग जात नाही. ७, ११, १३ नेही जात नाही. पण लहान विभाजक नसले म्हणून संख्या मूळ ठरत नाही. हिचा सर्वांत लहान मूळ विभाजकच नऊ अंकी आहे.

घातांक मूळ असला की अशी संख्याही मूळ असते, हाही गैरसमजच. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. घातांक संयुक्त असेल तर संख्या संयुक्तच असते, एवढेच खरे.

सर्वांत चिवट गैरसमज असा की विभाजक हाती लागल्याशिवाय संख्या संयुक्त म्हणता येत नाही. एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये एकही विभाजक न शोधता ही संख्या संयुक्त असल्याचे दाखवले. त्यांच्या पद्धतीला लेमर यांनी पुढे दिलेले सुटसुटीत रूप ३१ वर, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ वर, करून पाहता येते. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे आणि ३१ ने भागून बाकी ठेवायची. १४, मग ८, मग ०. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले, म्हणून ३१ मूळ. ६७ साठी अशा ६५ पायऱ्या होतात आणि शेवटी शून्य येत नाही. इतक्या साध्या कृतीत एवढी ताकद असावी, हे खरोखर विलक्षण आहे.

प्रत्यक्ष अवयव १९०३ मध्ये अमेरिकेचे फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यासाठी प्रत्येक संख्येने भागून पाहावे लागते असे नाही. या संख्येचा कोणताही विभाजक १३४ च्या पटीहून १ ने जास्तच असतो. पहिला अवयव १३४ × १४,४५,५८० + १ आहे.

संख्या जितकी मोठी तितके अवयव पाडणे अवघड, हेही सरसकट खरे नाही. एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येचे मूळ अवयव फक्त २ आणि ५, हे पाहताक्षणी कळते.

मर्सेन यांच्या यादीत घातांक २५७ पर्यंत एकूण पाच चुका निघाल्या: ६७ आणि २५७ चुकून आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यादीची तपासणी १९४७ मध्ये पूर्ण झाली.