घर बांधताना यतना

पुण्याच्या पश्चिमेस, मुठा नदीच्या बाजूला वसलेले आजचे कर्वेनगर पूर्वी हिंगणे बुद्रुक या नावाने ओळखले जाई. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी हिंगण्यास सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तेथे आला. त्या लहानशा आश्रमातून वाढलेली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था आज याच परिसरात उभी आहे. १९९१ मध्ये मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ मध्ये डॉ. भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय येथे सुरू झाले. ज्या जागी स्त्रियांना डोक्यावर छप्पर आणि हाती अक्षर मिळाले, त्याच जागी आता मुली इतरांसाठी छप्पर कसे उभारावे याचे शास्त्र शिकतात. पाच वर्षांच्या पदवीनंतर ‘पर्यावरणीय वास्तुकला’ या विषयात पदव्युत्तर शिक्षणाची सोयही येथे आहे.

हा विषय आपल्या समाजाला परका नाही. आपण घरे, गोदामे, वसतिगृहे, धर्मशाळा, उपाश्रय आणि स्थानके बांधतो. आपल्यातील कितीतरी कुटुंबे लाकूड, प्लायवूड, फरशी, रंग, लोखंड आणि नळसामानाच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आता घरातल्या मुलीही वास्तुकला आणि अभियांत्रिकीकडे वळत आहेत. म्हणजे बांधणारे, माल पुरविणारे आणि आराखडा काढणारे असे तिन्ही हात एकाच घरात येऊ लागले आहेत. अशा वेळी ‘हरित इमारत’ आणि तिचे ‘प्रमाणपत्र’ हे शब्द जाहिरातीपुरते राहणार की आचारात उतरणार, हे ठरविणे आपल्याच हाती आहे.

श्रावकाचार आणि बांधकाम

श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, वनकर्म आणि स्फोटकर्म यांची गणना होते. अंगारकर्म म्हणजे भट्टीवर चालणारा उद्योग, वनकर्म म्हणजे झाडे तोडण्याचा आणि स्फोटकर्म म्हणजे भूमी व खडक फोडण्याचा. आजची एक साधी इमारत पाहिली तर या तिन्हींची छाया तिच्यावर पडलेली दिसते. वीट भट्टीत भाजली जाते. सिमेंटसाठी चुनखडी खाणीतून फोडून काढतात आणि सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानात भाजतात. चौकट, दारे आणि फर्निचर झाडांतून येतात. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंट उद्योगाचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो. व्यवसाय दुसऱ्याचा असला तरी मागणी आपली असते.

गृहस्थाला घर हवेच. म्हणूनच श्रावकाला संपूर्ण निषेध सांगितलेला नाही, तर मर्यादा आणि यतना सांगितली आहे. गरजेपोटी होणारी हिंसा आणि निष्कारण होणारी हिंसा यांत आपल्या आचारशास्त्राने स्पष्ट भेद केला आहे. दुसरीला अनर्थदंड म्हटले असून तिच्यात प्रमादाने केलेले खणणे, पाणी सांडणे आणि अग्नी पेटविणे यांचा समावेश होतो. पश्चिमेची उघडी भिंत दिवसभर तापू द्यायची आणि मग ती खोली यंत्राने थंड करायची, हा अनर्थदंडाचाच आधुनिक नमुना नव्हे काय? चांगला वास्तुविशारद आराखड्याच्या टप्प्यावरच असा दंड टाळून देतो.

पृथ्वीकाय, अपकाय, तेउकाय, वायुकाय आणि वनस्पतिकाय ही विभागणी आपल्या मुलांना पाठशाळेत शिकविली जाते. हरित इमारतीच्या परीक्षणात जमीन, पाणी, ऊर्जा, हवा आणि झाडे हेच विषय तपासले जातात. एकाचा हेतू मोक्षमार्गाचा आणि दुसऱ्याचा ऐहिक, हे खरे. परंतु लक्ष द्यावयाच्या जागा मात्र त्याच आहेत.

विजेविना सुखकर वास्तू

या शास्त्राची खरी कसोटी आपल्याकडे एका विशिष्ट वास्तूत लागते, ती म्हणजे उपाश्रय किंवा स्थानक. साधू-साध्वी पंखा वा दिवा वापरीत नाहीत. चातुर्मासाचे चार महिने त्यांना एकाच ठिकाणी राहावयाचे असते, आणि तेही पावसाळ्याच्या दमट हवेत. म्हणजे हवा खेळती ठेवणे, उजेड आत आणणे आणि ओल दूर ठेवणे ही तिन्ही कामे केवळ बांधणीनेच साधावी लागतात. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असल्या तर वारा आरपार जातो. वर झरोका असला तर तापलेली हवा बाहेर पडते. खिडकीवर पुरेशी छज्जाची सावली असली तर ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. अंगणाला योग्य उतार असला तर पाणी साचत नाही, शेवाळ धरत नाही, आणि अनंतकाय जीवांवर पाय पडण्याचा प्रसंग टळतो. पर्यावरणीय वास्तुकलेत यालाच सूर्याची दिशा, वायुवीजन आणि निचरा यांचा अभ्यास म्हणतात.

जुन्या पुण्यातील वाड्याचा चौक हेच काम करीत असे. अहमदाबादच्या पोळांमधील घरांत तळघरासारख्या टाक्यांमध्ये पावसाचे पाणी साठविले जाई. त्या परंपरेला आज हिशेबाची जोड देता येते. १,००० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या छतावर वर्षाकाठी ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ६५,००० लिटर पाणी पडते. त्यातील वीस टक्के वाया गेले असे धरले तरी ५२,००० लिटर हाती राहते. पाणी गाळून आणि मोजून वापरणाऱ्या समाजाने छतावरचे पाणी गटारात सोडावे, हे शोभत नाही.

पदवी, नोंदणी आणि प्रमाणपत्र

मुलीला या क्षेत्रात पाठविताना पालकांचा गोंधळ होतो तो येथे. तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात.

पहिली गोष्ट पदवी. वास्तुकलेची पदवी पाच वर्षांची असते. दुसरी नोंदणी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही ‘वास्तुविशारद’ ही संज्ञा लावता येत नाही. तिसरी गोष्ट विशेष प्रमाणपत्र, आणि तेही अनेक प्रकारचे असते. भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये स्थापन केलेली भारतीय हरित इमारत परिषद, म्हणजे आयजीबीसी, परीक्षा घेऊन व्यावसायिकांना मान्यता देते. ‘टेरी’ संस्था आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांच्या पुढाकारातून आलेल्या ‘ग्रिहा’ या राष्ट्रीय मानांकनाचीही स्वतंत्र प्रशिक्षणव्यवस्था आहे. अमेरिकेच्या ‘लीड’ पद्धतीत ‘ग्रीन असोसिएट’ ही पहिली पायरी असते. तिच्या परीक्षेत दोन तासांत १०० प्रश्न सोडवावे लागतात आणि २०० पैकी किमान १७० गुण मिळवावे लागतात. उत्तीर्ण झाल्यावरही दर दोन वर्षांनी १५ तासांचे शिक्षण पूर्ण केले नाही तर ही मान्यता टिकत नाही.

अभियांत्रिकीकडील मुलींसाठी आणखी एक वाट आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार स्थापन झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांची राष्ट्रीय परीक्षा घेतो. व्यवस्थापकासाठी तीन आणि लेखापरीक्षकासाठी चार प्रश्नपत्रिका असतात. व्यापारी घरात वहीखाते तपासण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही; येथे जमाखर्च रुपयांऐवजी युनिटांचा असतो, एवढाच फरक.

या क्षेत्राला कायद्याचाही आधार मिळत गेला आहे. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. घराच्या भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने थंड प्रदेश वगळता दर चौरस मीटरला १५ वॅट ही मर्यादा घातली. २०२२ च्या कायदादुरुस्तीने निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. म्हणजे आज जी गोष्ट आवडीची आहे, ती उद्या परवानगीची अट होऊ शकते, आणि ती जाणणाऱ्या माणसाची गरज वाढत जाणार आहे.

व्यक्तीचे प्रमाणपत्र आणि इमारतीचे मानांकन

वर सांगितलेली प्रमाणपत्रे व्यक्तीची आहेत. इमारतीचे मानांकन ही निराळी गोष्ट. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र हे अमेरिकेबाहेरील पहिले लीड प्लॅटिनम मानांकन मिळविणारे केंद्र. त्याची वास्तू २००४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. पुण्यात हडपसर येथील ‘सुझलॉन वन अर्थ’ या वास्तूला लीड प्लॅटिनम आणि ग्रिहाचे पाच तारे असे दोन्ही मान मिळाले. तिचे वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर होते.

सदनिका घेताना मात्र जाहिरातीतील शब्द नीट वाचावेत. ‘पूर्व-प्रमाणित’ म्हणजे केवळ आराखड्यावर मिळालेली मान्यता. इमारत पूर्ण झाल्यावर तपासून दिलेले अंतिम मानांकन वेगळे. ग्रिहाचे मानांकन पाच वर्षांपुरतेच असते. कागदावर काटकसरी ठरलेली इमारत प्रत्यक्षात भरमसाट वीज खाऊ शकते, कारण राहणाऱ्यांच्या सवयी आणि देखभाल यांना गुण देऊन संपत नाही. दरवर्षी दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज लागली, हा आकडा कोणत्याही फलकापेक्षा अधिक खरे बोलतो.

आणखी एक विसंगती लक्षात ठेवावी. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनाच्या श्रेणीनुसार तीन, पाच आणि सात टक्के जादा चटईक्षेत्राचे प्रोत्साहन आहे. म्हणजे कमी हानी करण्याचे बक्षीस म्हणून अधिक बांधण्याची मुभा! शासनाच्या दृष्टीने हे व्यवहार्य असेल. अपरिग्रहाच्या दृष्टीने मात्र पहिला प्रश्न ‘किती तारे?’ हा नसून ‘एवढे मोठे खरोखर हवे आहे का?’ हाच राहतो. न बांधलेल्या खोलीला विटा, सिमेंट आणि वीज लागत नाही. हा गुण कोणतीही परिषद देत नाही. तो गृहस्थाने स्वतःच स्वतःला द्यावयाचा असतो.

दुकानापर्यंत पोहोचलेला बदल

मानांकन हवे असलेला ग्राहक दुकानदाराला नवे प्रश्न विचारतो. सिमेंटमध्ये राख किती? पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश चालते, आणि तेवढी चुनखडी भाजणे वाचते. प्लायवूडमधून फॉर्मल्डिहाइड किती सुटते? रंगातून किती घातक वायू बाहेर पडतात? फरशी कोणत्या कारखान्यातून आणि किती दुरून आली? या प्रश्नांची उत्तरे तोंडी चालत नाहीत. चाचणीचा अहवाल किंवा ‘ग्रीनप्रो’सारखे उत्पादन-प्रमाणपत्र दाखवावे लागते. ज्या पेढीवर हे कागद तयार असतील तिचा माल निवडला जाईल. वडिलांच्या पेढीवर बसलेली, हे शास्त्र शिकलेली मुलगी येथे केवळ हिशेब लिहिणारी राहत नाही. मालाची पारख करणारी ती पहिली व्यक्ती ठरते. व्यवहारातील सत्य आणि अचौर्य यांचाही हा भाग आहे, कारण ‘इको’ हा शब्द डब्यावर छापणे सोपे आणि सिद्ध करणे अवघड असते.

विश्वस्तांनी विचारावयाचे प्रश्न

नवे स्थानक, वसतिगृह किंवा सभागृह बांधण्याचा ठराव होतो तेव्हा समाजाचा पैसा आणि समाजाचे पुण्य दोन्ही पणाला लागलेले असतात. विश्वस्त मंडळाने वास्तुविशारदाला निदान एवढे विचारावे : जुनी वास्तू दुरुस्त करून काम भागेल का? पश्चिमेच्या भिंतीला सावली कशाची? दिवसा दिवा न लावता पाठशाळा भरेल का? सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला भोजनशाळेत पुरेसा उजेड असेल का? छतावरचे पाणी कोठे जाईल? पाडलेल्या बांधकामाच्या विटा आणि लाकूड पुन्हा कोठे वापरणार? आणि शेवटी, मानांकन घ्यावयाचे असेल तर ते अंतिम टप्प्यापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणाऱ्या व्यक्ती आता दूर शोधाव्या लागत नाहीत. कर्वेनगरासारख्या ठिकाणी त्या घडत आहेत, आणि त्यांतील काही आपल्याच घरांतून शिकावयास गेलेल्या आहेत. त्यांना लग्नाच्या परिचयपत्रातील एका ओळीपुरते न ठेवता बांधकाम समितीच्या बैठकीत बोलवावे, आराखडा त्यांच्यापुढे ठेवावा, आणि पाया खणण्यापूर्वी त्यांचे मत ऐकावे. पाया खणून झाल्यावर यतनेला फारसा वाव उरत नाही.