सूर्याच्या पोटातलं लोखंड प्रयोगशाळेत मोजलं. हिशेब मात्र जुळेना!

सूर्यावरून निघालेला उजेड आपल्या शेतात पोहोचायला साधारण ८ मिनिटं २० सेकंद लागतात. पण सूर्याच्या गाभ्यात तयार झालेली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं जातात. वाटेत तिला अडवतं कोण?

शेडनेट घेताना आपण ५० टक्के की ७५ टक्के, असं विचारतो. सूर्याच्या आतला तापलेला वायूही असाच किरण अडवतो. त्याच्या या गुणाला 'अपारदर्शकता' म्हणतात. सूर्यात लोखंड अगदी थोडं आहे. तरी ठरावीक खोलीवर किरण अडवण्यात त्याचा वाटा जवळपास पाव आहे.

अडचण कुठे आली?

सूर्य सतत बारीक थरथरतो. या थरथरीवरून त्याच्या आतली रचना कळते. त्यासाठी जगभरात सहा ठिकाणी दुर्बिणी बसवल्या आहेत. त्यातली एक आपल्या देशात, राजस्थानातल्या उदयपूरला आहे. पण २००५ च्या सुमारास सूर्यातल्या ऑक्सिजन, कार्बनचं प्रमाण नव्याने काढलं, ते आधीपेक्षा कमी भरलं. तेव्हापासून कागदावरचा सूर्य आणि थरथरीतून दिसणारा सूर्य यांचा मेळ बसेना.

प्रयोग काय केला?

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या सँडिया प्रयोगशाळेत 'झेड' नावाचं अवाढव्य यंत्र आहे. ते क्षणभरासाठी सुमारे २.६ कोटी अँपिअर करंट सोडतं. आपल्या घरातला एमसीबी १६ किंवा ३२ अँपिअरचा असतो, यावरून अंदाज करा! या करंटमुळे टंगस्टनच्या बारीक तारांची वाफ होऊन ती आत दाबली जाते आणि क्ष-किरणांचा प्रचंड झोत निघतो.

या झोतासमोर लोखंड आणि मॅग्नेशियमचा अतिशय पातळ थर ठेवला. तो २० लाख अंशांच्या आसपास तापला. मॅग्नेशियमवरून तापमान आणि घनता कळली. पलीकडे किती किरण गेले, यावरून लोखंडाने किती अडवले ते कळलं.

२०१५ मध्ये निकाल 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. लोखंड अंदाजापेक्षा ३० ते ४०० टक्के जास्त किरण अडवत होतं! सूर्याच्या हिशेबातली तफावत मिटवायला जेवढी वाढ हवी होती, तिच्यातली साधारण निम्मी एकट्या लोखंडातून मिळाली.

मग प्रश्न सुटला का?

नाही. लोखंड इतके किरण का अडवतं, हे सिद्धांताला सांगता आलं नाही. २०१९ मध्ये क्रोमियम आणि निकेलवर असेच प्रयोग झाले, त्यात लोखंडाएवढा फरक दिसला नाही. त्यामुळे चूक सिद्धांतात की मोजणीत, हा वाद सुरू झाला. म्हणून कॅलिफोर्नियातल्या 'एनआयएफ' या लेझर केंद्रातही लोखंडाची फेरतपासणी हाती घेण्यात आली.

आपल्याला काय त्याचं?

इतर ताऱ्यांचं वय आणि वजन काढताना सूर्याचंच माप धरतात. मापच चुकलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून एवढ्याशा लोखंडासाठी एवढा खटाटोप.