दोन ग्रॅमची पिल्ले आणि एक कॅप्सूल

जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आठवीतल्या मुलीचा प्रश्न तिच्या गुरुजींमार्फत आमच्याकडे आला. मामाने शहरातून आणून दिलेली हॅम्स्टरची मादी व्याली, सात पिल्ले झाली. पाचव्या दिवशी मादी शिंकू लागली, म्हणून घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलमधली चिमूटभर पूड तिला पाण्यातून दिली. तीन दिवसांनी तिला हगवण लागली. औषध देऊनही ती जास्त आजारी का पडली, असे मुलीने विचारले होते.

हॅम्स्टर हा मूळचा आपल्याकडचा प्राणी नाही. सोनेरी हॅम्स्टर सीरियातला. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी अलेप्पोजवळच्या शेतात बीळ खणवून एक मादी व तिची अकरा पिल्ले मिळवली. पेटीत ठेवताच घाबरलेल्या मादीने एक पिल्लू मारून टाकले. उरलेली अहरोनी पतिपत्नींनी हाताने वाढवली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर याच कुटुंबाचे वंशज आहेत. घरोघरी पाळला जाण्यापूर्वी तो प्रयोगशाळेत आला, आणि आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही प्रयोगशाळेतच मिळाले.

हॅम्स्टरच्या आतड्यात, विशेषतः अंधनालात, असंख्य उपकारक जीवाणू असतात. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे आणि क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांसारखी काही प्रतिजैविके त्यांचा फडशा पाडतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जीवाणू माजतो आणि त्याचे विष आतड्याचे अस्तर जाळते. हगवण लगेच न लागता काही दिवसांनी लागते ती यामुळेच. अमेरिकेत जॉन बार्टलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७–७८ मध्ये हॅम्स्टरवर हेच पडताळले आणि प्रतिजैविकांनंतर माणसांना होणाऱ्या आतड्याच्या एका गंभीर विकाराचे मूळही त्यातून सापडले. गाईम्हशींना कासदाहात पेनिसिलिन देतात, म्हणून ते सर्वच जनावरांना चालेल असे समजण्यात आपलीही चूक होऊ शकते. गावातल्या पशुवैद्यांकडे हॅम्स्टर क्वचितच येतो. त्यांना ही गोष्ट आपण नम्रपणे सांगावी. हॅम्स्टरला चालणारी दुसरी औषधे आहेत, त्यांची निवड मात्र त्यांनीच करायची.

मात्रेचा हिशेब वर्गात जरूर करून पाहावा. पन्नास किलोच्या माणसाला २५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅम. मादीचे वजन १२० ग्रॅम धरले तर ०.६ मिलिग्रॅम, कॅप्सूलचा चारशेवा भाग! चिमटीत तो कसा मोजणार? शिवाय लहान प्राण्यांचे शरीर औषध वेगळ्या गतीने वापरते, त्यामुळे त्रैराशिकही पुरेसे नाही.

आता शुश्रूषा. हगवणीत मरण येते ते बहुधा शरीरातले पाणी गेल्याने. म्हणून मीठ-साखरेच्या पुडीचे पाणी ड्रॉपरने, ओठाच्या कडेला थेंब थेंब द्यावे; घशात ओतू नये. मादीजवळ नर ठेवू नये. पिंजरा शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात असावा. पहिले आठ-दहा दिवस पिल्लांना हात लावू नये, घरटे उकरू नये. अहरोनींची पेटी आठवावी. आणखी एक, कपाशीच्या घरात कापूस सहज हाताशी असतो, पण तो घरट्यात घालू नये. त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना आवळतात आणि पोटात गेले तर आतडे बंद करतात. कोऱ्या, मऊ कागदाच्या पट्ट्या चांगल्या. पिल्लांना पाजणाऱ्या मादीला ज्वारी-बाजरीबरोबर उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्यावा.

जन्मतः पिल्लू दोन-तीन ग्रॅमचे, उघडे, डोळे मिटलेले. पण तोंडात दात असतात. आई पहिल्या दिवसांत गेली तर ते वाचवणे जवळजवळ अशक्य. मात्र सात ते दहा दिवसांच्या सुमारास, डोळे उघडण्यापूर्वीच, ती कुरतडू लागतात. हे आम्ही गुरुजींना कळवले, कारण आशा तेवढीच होती.

मादी बाराव्या दिवशी गेली. जानेवारीतल्या रात्री गार होत्या. मुलीने कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून घरट्याशेजारी ठेवली, दर दोन तासांनी शेळीचे कोमट दूध रंगाच्या ब्रशच्या टोकाने चाटवले आणि भिजवलेल्या ज्वारीचा लगदा पुढे ठेवला. तीन पिल्ले दोन दिवसांत गेली. उरलेल्या चौघांचे डोळे पंधराव्या दिवशी उघडले. पुढच्या पत्रात तिने त्यांची रोजची वजने लिहून पाठवली आहेत, आणि मेलेल्या तिघांचीही.