बाहुली मोठी करणारी वेल

गुरुवार म्हणजे भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात अनेकांचा सुट्टीचा दिवस. समजा, तुम्ही प्राधिकरणात राहता आणि फाटकाच्या कमानीवर माजलेली वेल छाटायला घेतली. घाम आला, मनगटाने डोळा पुसला. दुपारी आरशात पाहता तर एक बाहुली नेहमीसारखी आणि दुसरी टपोरी, काळीभोर. त्या डोळ्याने मोबाइलवरची अक्षरं लागत नाहीत, उजेड बोचतो. घरात पहिली शंका येते ती मेंदूत काही झालं की काय याची.

शंका चुकीची नाही. एकच बाहुली अचानक मोठी होणं हे मेंदूतल्या गंभीर बिघाडाचंही लक्षण असतं. पण इथे दोषी ती वेलच असू शकते.

‘कप ऑफ गोल्ड’ या नावाने ती नर्सरीत मिळते. शास्त्रीय नाव सोलँड्रा मॅक्झिमा. पानं जाड, तुकतुकीत. फूल वीतभर, पेल्यासारखं, आत पाच जांभळट-तपकिरी रेषा. आधी फिकट पिवळं असतं, मग सोनेरी होतं आणि संध्याकाळी घमघमतं. मूळची ती मेक्सिको आणि त्याखालच्या उष्ण प्रदेशातली. नाव मिळालं डॅनियल सोलँडरवरून. हा लिनियसचा शिष्य १७६८मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरून जगप्रवासाला निघाला होता.

तिचं कुळ मात्र आपल्या चांगल्याच ओळखीचं. चाकणच्या बाजारात येणारा बटाटा, वांगी, टोमॅटो, मिरची ही सगळी त्याच घरातली. आणि धोत्राही. गुणाने ही वेल धोत्र्याच्या जवळची. अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन यांसारखी अल्कलॉइड द्रव्यं तिच्या सर्व भागांत असतात.

बाहुली आकुंचित करणाऱ्या स्नायूला मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत निरोप देतात. अ‍ॅट्रोपिन तो निरोप पोहोचूच देत नाही. जवळचं पाहण्यासाठी भिंगाचा आकार बदलणारा स्नायूही ढिला पडतो. डोळे तपासताना थेंब घातल्यावर जो अनुभव येतो तोच हा. फक्त इथे थेंब किती गेला याचा हिशोब नसतो आणि परिणाम काही दिवस टिकू शकतो. दुसऱ्या दिवशी पाळीवर मशीनपुढे उभं राहणाऱ्याने किंवा दुचाकीवरून चाकण गाठणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये.

पोटात गेलं तर प्रकरण गंभीर. तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, नाडी धावते, लघवी अडते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. लहान मुलांना थोडंही महागात पडतं. घरगुती उपायांनी उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. गंमत अशी, की शेतात फवारणी करताना काही कीटकनाशकांची विषबाधा होते तेव्हा डॉक्टर जीव वाचवायला हेच अ‍ॅट्रोपिन शिरेतून देतात.

डोळ्यात चीक गेला तर हात साबणाने धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा पंधरा मिनिटं धुवत राहा. मग नेत्रतज्ज्ञांकडे जा. वेलीची फांदी पिशवीत घालून किंवा फोटो काढून न्या. पायलोकार्पिनचा थेंब घालून त्यांना अंदाज घेता येतो: वनस्पतीमुळे पसरलेली बाहुली त्याने सहसा लहान होत नाही, मज्जातंतूच्या बिघाडाने पसरलेली बहुधा होते. मात्र जोडीला तीव्र डोकेदुखी, उलटी, पापणी पडणं, दोन-दोन दिसणं किंवा गुंगी असेल, तर वेलीवर खापर फोडत घरी थांबू नका.

वेल उपटून टाकायची गरज नाही. छाटताना हातमोजे आणि चष्मा घाला. फांद्या शेळ्या-गुरांच्या तोंडी लागतील अशा टाकू नका. छाटणी माळीकाकांकडून करून घेणार असाल, तर हे आधी त्यांना सांगा. एरवी हा चीक त्यांच्याच हाताला लागतो.