विश्लेषण : लिचीतील विष ‘वजना’वरून कसे ओळखले जाते?

बिहारमधील मुझफ्फरपूर परिसरात १९९५ पासून जवळपास दर उन्हाळ्यात एकच चित्र दिसत असे. रात्री ठणठणीत असलेले मूल पहाटे आकडी येऊन बेशुद्ध पडायचे. त्यातील अनेक मुले वाचत नसत. विषाणू, कीटकनाशके, उष्माघात असे अनेक संशयित पुढे आले. उत्तर मिळण्यास मात्र दोन दशके लागली आणि ते शोधण्यात रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचा मोठा वाटा होता. नैसर्गिक विष आणि शरीरात तयार होणारे त्याचे अवशेष वस्तुमानावरून कसे ओळखतात, आणि केवळ वस्तुमानावर विसंबले तर चूक कुठे होऊ शकते?

मुझफ्फरपूरमध्ये नेमके काय सापडले?

२६ मे ते १७ जुलै २०१४ या काळात मुझफ्फरपूरमधील दोन रुग्णालयांत या आजाराची ३९० मुले दाखल झाली. त्यांपैकी १२२ दगावली. दिल्लीतील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र (सीडीसी) यांनी केलेल्या संयुक्त तपासात बहुतेक मुलांच्या रक्तातील साखर दाखल होताना धोकादायक पातळीपर्यंत खाली आलेली आढळली. आजारी मुलांच्या लघवीच्या ७३ नमुन्यांपैकी ४८ मध्ये ‘हायपोग्लायसिन ए’ किंवा ‘एमसीपीजी’ या विषांचे अवशेष मिळाले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांच्या १५ नमुन्यांपैकी एकातही ते नव्हते. लिचीच्या गरातही ही दोन्ही द्रव्ये सापडली. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधी, २०१४ मध्येच, वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी हा आजार विषजन्य असावा, अशी मांडणी ‘करंट सायन्स’मध्ये केली होती.

ही विषे नवी होती का?

नाही. हायपोग्लायसिन ए १९५०च्या दशकात ॲकी या फळातून वेगळे करण्यात आले. ॲकी हे जमैकाचे राष्ट्रीय फळ. ते कच्चे खाल्ल्याने उलट्या, साखर घसरणे आणि मृत्यू हा प्रकार तिथे पूर्वीपासून माहीत होता. एमसीपीजी हे १९६२ मध्ये लिचीच्या बियांत सापडले. लिची, ॲकी आणि आपल्याकडचा रिठा ही एकाच कुळातील झाडे. उपाशी असताना शरीर चरबी जाळून आणि यकृतात नवी साखर तयार करून मेंदूची गरज भागवते. ही विषे नेमकी तीच वाट अडवतात. पोटभर जेवलेल्या, सुदृढ मुलाच्या यकृतात साखरेचा साठा असतो, तो त्याला तारून नेतो. कुपोषित मुलाने दिवसभर बागेत लिची खाल्ली आणि तो रात्री न जेवता झोपला, तर पहाटेपर्यंत हा साठा संपतो. म्हणूनच आजार पहाटे गाठत असे.

रेणूचे ‘अचूक वस्तुमान’ म्हणजे काय?

कार्बनच्या सर्वसाधारण अणूचे वस्तुमान बरोबर १२ डाल्टन धरले जाते. ते मापच तसे ठरवलेले आहे. त्या तुलनेत हायड्रोजनचा अणू १.००७८, नायट्रोजनचा १४.००३१ आणि ऑक्सिजनचा १५.९९४९ डाल्टन भरतो. म्हणजे कोणाचेही वस्तुमान पूर्णांकात येत नाही. अणुकेंद्रक बांधून ठेवणारी ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्यात वेगळी असते आणि तेवढे वस्तुमान कमी भरते, हे त्याचे कारण. दशांश चिन्हानंतरची ही ‘चिल्लर’च रसायनतज्ज्ञांच्या कामाची ठरते.

सोपे उदाहरण पाहू. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन वायू आणि फळे पिकवणारा इथिलीन या तिघांचेही वस्तुमान ढोबळमानाने २८. बारकाईने मोजले तर ते अनुक्रमे २७.९९४९, २८.००६१ आणि २८.०३१३ भरते. भाजीवाल्याच्या काट्यावर तिघे सारखे, पण सराफाच्या काट्यावर तिघे वेगळे.

हे वस्तुमान मोजतात कसे?

रेणूला तराजूत ठेवता येत नाही. त्याला विद्युतभार देऊन पळवावे लागते. हे काम करणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, मराठीत वस्तुमान वर्णपटमापक. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲस्टन यांना या क्षेत्रातील कामासाठी १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नाजूक जैविक रेणू न मोडता त्यांना विद्युतभार देण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका २००२ च्या नोबेलचे मानकरी ठरले. फेन यांच्या पद्धतीत द्रावणाचा विद्युतभारित फवारा उडवतात. थेंब सुकत जातात आणि भारित रेणू मागे उरतात.

पुढे यंत्रांचे प्रकार वेगळे होतात. एका प्रकारात सर्व रेणूंना सारखा धक्का देऊन ठरावीक अंतर पळवतात. हलका रेणू आधी पोहोचतो, जड मागून. वेळेवरून वस्तुमान कळते. ‘ऑर्बिट्रॅप’ या प्रकारात भारित रेणू एका तर्कूसारख्या विद्युतदांड्याभोवती फिरत मागेपुढे हेलकावे घेतात. त्या हेलकाव्यांच्या गतीवरून वस्तुमान काढले जाते. चांगल्या यंत्राची चूक दहा लाखांत पाच भागांहूनही कमी असते. १४१ डाल्टनच्या रेणूसाठी ही चूक जेमतेम ०.०००७ डाल्टन.

त्या आकड्यावरून नाव कसे काढतात?

हायपोग्लायसिन एच्या रेणूत कार्बनचे ७, हायड्रोजनचे ११, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. बेरीज होते १४१.०७९०. आता १४१ याच ढोबळ वस्तुमानाचे इतर नैसर्गिक रेणू पाहा. आपल्या पेशींत असणारे फॉस्फोइथॅनॉलअमाइन १४१.०१९१ भरते. धोत्र्यातील ॲट्रोपिन ज्यापासून बनते ते ट्रोपिन १४१.११५४ भरते. ढोबळ मोजणाऱ्या यंत्राला तिन्ही सारखेच; अचूक यंत्र तिघांना सहज वेगळे काढते.

प्रत्यक्षात संगणक उलट दिशेने काम करतो. मिळालेल्या वस्तुमानात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक, फॉस्फरस यांची कोणकोणती जुळणी बसू शकते, हे तो तपासतो. रसायनशास्त्राच्या नियमांत न बसणाऱ्या जुळण्या गळतात. शिवाय निसर्गातील सुमारे १.१ टक्के कार्बन अणू १३ वस्तुमानाचे असतात. त्यामुळे मुख्य रेषेशेजारी एक छोटी रेष उमटते. सात कार्बन असतील तर ती मुख्य रेषेच्या साधारण पावणेआठ टक्के उंचीची हवी. ती दुप्पट उंच दिसली, तर सूत्र चुकले आहे हे लगेच कळते. उरलेले सूत्र मग ‘मासबँक’, ‘मेटलिन’ किंवा मानवी मेटाबोलोम डेटाबेससारख्या संग्रहांत शोधले जाते.

मग ओळख पक्की झाली का?

इथेच खरी मेख आहे. वस्तुमान सूत्र सांगते. अणूंची मांडणी सांगत नाही. विटांची संख्या कळली म्हणून घर कळत नाही, तसे. सुपारीतील ॲरेकायडिन या द्रव्याचे सूत्र हायपोग्लायसिन एच्या सूत्राशी तंतोतंत जुळते. वस्तुमान तेच, १४१.०७९०. लिचीतील दुसरे विष एमसीपीजी आणि सुपारीतील ग्वॅव्हसिन यांचेही सूत्र एकच, वस्तुमान १२७.०६३३. म्हणजे लिचीतील दोन्ही विषांना सुपारीत जुळे भाऊ आहेत. कितीही महागडे यंत्र आणले, तरी निव्वळ वस्तुमानावरून हे भाऊ वेगळे ओळखता येणार नाहीत.

लघवीच्या तपासणीत तर पेच आणखी मोठा. हायपोग्लायसिन ए शरीरात मोडते आणि ग्लायसिन या अमिनो आम्लाला जोडून बाहेर टाकले जाते. या अवशेषाचे वस्तुमान १६९.०७३९. नेमके एवढेच वस्तुमान ब-६ जीवनसत्त्वाचे, पायरिडॉक्सिनचे. आणि एवढेच नॉरॲड्रेनालिनचे. हे संप्रेरक तर निरोगी माणसाच्या लघवीतही अल्प प्रमाणात असते. केवळ आकडा पाहून निष्कर्ष काढला असता, तर प्रत्येक मुलाच्या लघवीत ‘लिचीचे विष’ सापडले असते.

हे जुळे भाऊ वेगळे कसे करतात?

त्यासाठी तीन पुरावे जोडावे लागतात. पहिला, वेळेचा. नमुना यंत्रात सोडण्याआधी एका बारीक नळीतून जाऊ दिला जातो. नळीतील भरणाला कोणता रेणू किती चिकटतो, यावर तो किती मिनिटांनी बाहेर येतो हे ठरते. दुसरा, तुकड्यांचा. रेणू वायूच्या कणांवर आदळवून फोडतात आणि तुकड्यांची वस्तुमाने मोजतात. पायरिडॉक्सिनमधून पाण्याचा रेणू सहज निसटतो आणि त्यात ग्लायसिनचा भाग नाहीच. विषाच्या अवशेषात तो आहे. त्यामुळे दोघांचे तुकडे वेगळे पडतात. तिसरा आणि निर्णायक पुरावा म्हणजे शुद्ध नमुना. संशयित द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवून त्याच यंत्रात, त्याच दिवशी चालवायचे. वेळ आणि तुकडे दोन्ही जुळले तरच नाव घ्यायचे. मेटाबोलाइट ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २००७ पासून खात्रीच्या चार पायऱ्या मानल्या जातात. शुद्ध नमुन्याशी पडताळलेली ओळख सर्वांत वरच्या पायरीवर, तर ‘काहीतरी आहे, पण काय ते माहीत नाही’ ही शेवटची.

महाराष्ट्राला याचा उपयोग काय?

शेंगदाणा, मका, सरकी यांवर वाढणाऱ्या बुरशीत ॲफ्लाटॉक्सिन हे कर्करोगकारक विष तयार होते. त्यातील ‘बी-१’ प्रकाराचे वस्तुमान ३१२.०६३४. बुरशी लागलेली पेंड किंवा मका जनावराने खाल्ला, की त्याच्या यकृतात या रेणूला एक ऑक्सिजन जोडला जातो आणि दुधात ‘एम-१’ उतरते. वस्तुमान ३१२.०६३४ अधिक १५.९९४९, म्हणजे ३२८.०५८३. दुधात नेमके कोणते वस्तुमान शोधायचे, हे अशा साध्या बेरजेवरून आधीच ठरवता येते. पण इथेही जुळा भाऊ आहेच. बुरशीतच तयार होणाऱ्या ‘जी-१’चे सूत्र एम-१सारखेच. फोडल्यानंतर तुकडे पाहावेच लागतात. बी-१ फोडल्यावर विद्युतभारित रेणू ३१३.०७०७ वरून २८५.०७५८ वर येतो. फरक २७.९९४९. हा वर पाहिलेला कार्बन मोनॉक्साइडचाच आकडा. नायट्रोजन किंवा इथिलीन नव्हे.

भारतात दुधातील एम-१ची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुने या मर्यादेबाहेर होते. दूध उकळले तरी हे विष जात नाही. उपाय गोठ्यात आहे : चारा आणि पेंड कोरडी ठेवणे, बुरशी लागलेली जनावरांना न घालणे.

यंत्राने प्रश्न सुटला का?

कारण कळले, पण यंत्र जीव वाचवत नाही. २०१४ च्या अभ्यासात लिची खाणे आणि आजार यांचा संबंध ठळक होता. रात्री न जेवलेल्या मुलांत तो जेवलेल्या मुलांपेक्षा दुपटीहून अधिक तीव्र होता. म्हणून शिफारशीही साध्या होत्या : मुलांना लिची बेताने द्या, रात्री जेवल्याशिवाय झोपवू नका, आकडी आलेल्या मुलाची साखर लगेच तपासून ग्लुकोज द्या. तरीही २०१९ मध्ये बिहारमध्ये शंभरहून अधिक मुले दगावली. त्या वर्षीच्या मृत्यूंत उष्णतेची लाट, कुपोषण आणि उपचारांतील विलंब यांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले.

लिची खाणाऱ्या सर्वांनी घाबरावे असे या संशोधनात काही नाही. पोटभर जेवणाऱ्या घरात ते फळच राहते. तेच फळ उपाशीपोटी झोपणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतते. लघवीतल्या विषाला नाव देण्यासाठी रेणूचे वस्तुमान मोजणारे यंत्र लागले. ते विष जिवावर बेतू नये यासाठी मात्र रात्रीची एक भाकरी आणि जवळच्या आरोग्य केंद्रात ग्लुकोजची बाटली पुरेशी ठरू शकते.