दुभाषण

एका भाषेत बोललेल्या मजकुराचा आशय दुसऱ्या भाषेत तत्काळ तोंडी सांगण्याची क्रिया. ती करणाऱ्यास ‘दुभाषी’ वा ‘दुभाष्या’ म्हणतात. ज्या भाषेतून आशय घ्यावयाचा ती मूलभाषा व जीत तो सांगावयाचा ती लक्ष्यभाषा होय. भाषांतर लिखित संहितेचे असते. भाषांतरकारास कोश पाहता येतो, लिहिलेले खोडता येते. दुभाष्यास ही सवड नसते.

दुभाषण ही जुनी वृत्ती आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी (१६७४) रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. अशा प्रसंगी वक्ता थांबल्यावर दुभाषी बोलतो. हे अनुक्रमिक दुभाषण होय. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत पॉल मांतू यांनी याच पद्धतीने काम केले. त्यासाठी घेतली जाणारी टिपणे म्हणजे लघुलेखन नव्हे. त्यांत शब्दांपेक्षा विचारांचे दुवे नोंदलेले असतात.

वक्ता बोलत असतानाच चालणारे ते समकालिक दुभाषण. न्यूरेंबर्ग येथील खटल्यात (१९४५-४६) इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन या भाषांसाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. वक्त्याचा वेग वाढल्यास पिवळा दिवा लागे, त्याला थांबवावयाचे असल्यास लाल. जर्मन भाषेतील गौण वाक्यात क्रियापद अखेरीस येत असल्याने दुभाष्यास ते ऐकेपर्यंत वाक्य अडवून धरावे लागे. आणि आरोपींच्या प्राणांचा निवाडा या वाक्यांवर होणार होता. मराठीतही ही अडचण आहेच. ‘मी ते पत्र त्या दिवशी त्याच्या हाती दिले नाही’ या साक्षीतील नकार अगदी शेवटी कळतो. घाईने आधीच होकारार्थी वाक्य सुरू करणारा दुभाषी साक्षच उलटी करील.

याहून सूक्ष्म अडचण सर्वनामांची. इंग्रजीतील एकाच सर्वनामासाठी मराठीत ‘आम्ही’ (श्रोता वगळून) व ‘आपण’ (श्रोत्यासह) असे दोन पर्याय आहेत. वाटाघाटीत ‘आम्ही खर्च सोसू’ व ‘आपण खर्च सोसू’ यांतील फरक किरकोळ नव्हे. अशा वेळी तर्क करण्यापेक्षा वक्त्यालाच विचारणे उचित. अनुक्रमिक पद्धतीत ते शक्य असते, समकालिक पद्धतीत बहुधा नसते.

लोकसभेत समकालिक दुभाषण १९६४ मध्ये सुरू झाले. या कामाचा ताण मोठा असल्याने कक्षातील दुभाषी सामान्यतः सुमारे अर्ध्या तासाने आळीपाळीने बोलतात.