अंगावर येणाऱ्या कोंबड्याचे काय करावे?



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या-पेन्सिलींचा खर्च मात्र पुष्कळ घरांतून परसातल्या कोंबड्याच भागवतात. हा व्यवहार बहुतेक घरच्या बायांच्या हातचा. त्यामुळे कोंबडा मारका निघाला की पहिला तडाखा त्यांना, नाहीतर अंगणात खेळणाऱ्या पोरांना बसतो. लोक हे हसण्यावारी नेतात. पण दोन-तीन वर्षांच्या पोराचे डोळे कोंबड्याच्या उडीच्या बरोबर टप्प्यात येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू येणार नाही.

लहानपणी हातावर दाणे खाणारा कोंबडा ५-६ महिन्यांचा झाला की एकाएकी बिघडतो. हा त्याच्या वयात येण्याचा काळ. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे या शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास ती प्रथम नीट मांडली. घार दिसली की ओरडून सावध करणे, दाणा सापडला की 'टुकटुक' करून माद्यांना बोलावणे, ही कोंबड्याची कामे. जो राखणीला चांगला, तोच कधीकधी घरच्या माणसालाही वैरी समजतो. आधी तो एक पंख खाली सोडून तिरका-तिरका चालत येतो, मानेची पिसे फुलवतो, जमिनीवर उगाच टोचल्यासारखे करतो. पाठ वळली की झेप घेतो. ही लक्षणे दिसताच सावध व्हावे. पिलांची कोंबडी अंगावर येते ती गोष्ट निराळी. पिले मोठी झाली की तिचा राग आपोआप जातो.

आता उपाय. लाथ मारणे, काठी घेऊन पाठीस लागणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय, आणि आमच्या मते तोच सर्वांत वाईट. कोंबड्याच्या लेखी ती झुंजच. आज हरला तरी उद्या पुन्हा येतो, आणि काठीवाल्याऐवजी पोरांना गाठतो. पळूनही जाऊ नये. पळालात की तो जिंकला. तोंड त्याच्याकडे ठेवून उभे राहावे, आणि तो बाजूला होईपर्यंत सावकाश त्याच्याच दिशेने एक-एक पाऊल टाकावे. हातात सूप किंवा घमेले आडवे धरले तर उडी त्यावरच जाते. अंगावर आल्या-आल्या दाणे टाकून त्याला शांत करू नका. तसे केले की अंगावर गेले म्हणजे दाणा मिळतो, हे तो शिकतो. संध्याकाळी अंधार पडला की कोंबड्याला नीट दिसत नाही. त्या वेळी त्याला खुराड्यातून अलगद उचलावे, दोन्ही पंख दाबून काखेत धरावे आणि पाच-दहा मिनिटे तसेच फिरावे. रोज असे केले तर काही कोंबडे निवळतात. सगळेच निवळतात असे मात्र नाही.

पुष्कळदा दोष कोंबड्याचा नसून मोजदादीचा असतो. ८-१० कोंबड्यांमागे एक नर पुरतो. सहा कोंबड्या आणि तीन नर असे परस असेल तर भांडणे होणारच, आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडून कातडी उघडी पडणारच. जादा नर वेळेवर काढावेत. नुसती खायला-विकायला अंडी हवीत त्यांना तर नराची गरजच नाही. नर नसला तर कोंबडी अंडी देत नाही, ही समजूत खोटी आहे.

पायाचा काटा वर्षानुवर्षे वाढत राहतो. कानशीने त्याचे फक्त टोक घासून बोथट करावे. मुळाशी कापू नये, आत हाड आणि रक्त असते. तरीही कोणाला काटा लागलाच तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग, तेव्हा ती धास्ती नको. डोळ्याजवळ लागले असेल तर घरगुती औषध न करता तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

महिनाभर प्रयत्न करूनही कोंबडा सुधारत नसेल आणि घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे: त्याला रश्शात जाऊ द्यावे. बाजारात विकायचा तर खोड सांगून विकावा, नाहीतर आपल्या घरचे संकट दुसऱ्याच्या पोरावर जाते. झुंजीसाठी कोणी जादा पैसे देऊ केले तरी देऊ नये. जनावरे-पाखरे झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मारका स्वभाव थोडाफार रक्तातून उतरतो. आपण उसाचे बेणे मळा पाहून निवडतो. कोंबडा मात्र तुरा आणि रंग पाहून ठेवतो. पैदाशीला ठेवायचा नर अंगापिंडाने चांगला हवाच, पण माणूस जवळून गेले तरी दाणे टिपत राहणारा हवा. बाहेरून नवा नर आणला तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, म्हणजे मानमोडीसारखा रोग कळपात शिरणार नाही.

जुना नर काढल्यावरही साधारण आठवडाभर कोंबड्या फळलेली अंडी देतात. एखादी कोंबडी खुडूक असेल तर ती अंडी तिच्याखाली घालावीत, २१ दिवसांनी पिले निघतील. मात्र मारक्या नराची ती पिले खाण्या-विकण्यापुरतीच ठेवावीत.